पुढच्या वेळी नक्की!

'येतो' म्हटलं आणि गेलो नाही. मग कळलं, आपल्या शहरात 'पुढची वेळ' नावाचा शो लागतच नाही…

शुक्रवार. संध्याकाळचे सव्वापाच. मिहानमधलं ऑफिस. समोर न संपणारी एक्सेल शीट, बाजूला गार झालेली कॉफी. आणि मोबाइल थरथरतो.

'येऊन राहिला ना बे?'

'आज नाही जमणार यार. मंथ-एंड आहे. पुढच्या वेळी नक्की!'

पलीकडे दोन सेकंद शांतता. मग नुसतं 'बरं'. फोन कट.

हा संवाद मागच्या वर्षीचा. पण खरं सांगा मंडळी, असाच फोन तुम्हालाही आलाय ना? आणि तुम्हीही हेच उत्तर दिलंय ना? मित्राचं नाटक, मैत्रिणीच्या चित्रांचं प्रदर्शन, ऑफिसमधल्या कुणाच्या तरी भावाची एकांकिका. व्हॉट्सअॅपवर पोस्टर येतं, आपण अंगठा टाकतो, दोन टाळ्या टाकतो, एक बदाम टाकतो. झालं आपलं कल्चर!

हा मित्र म्हणजे माझा कॉलेजचा पार्टनर. तो स्टेजवर, मी विंगेत म्युझिक ऑपरेट करायला. माझं नाट्यकरिअर तसं लहानच ठरलं. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत एका गंभीर प्रवेशात, हिरो नुकताच वडिलांची चिठ्ठी वाचतोय, हॉलमध्ये चिडीचूप, आणि पडद्याची धूळ माझ्या नाकात गेली. अशी सणसणीत शिंक आली की शेवटच्या रांगेतले लोक उभे राहून बघायला लागले. आमचं बक्षीस गेलं आणि माझी शिंक मात्र कॉलेजभर फेमस झाली. तेव्हापासून तालमीच्या खोलीच्या दारावर खडूनं लिहिलेलं असायचं, 'शिंकणाऱ्यांना प्रवेश नाही'.

पुढे डिग्री मिळाली, नोकरी लागली. मी सुटलो, तो नाही सुटला. दिवसभर विम्याच्या ऑफिसात फायली, रात्री आठ ते अकरा एका शाळेच्या वर्गात तालीम. बाकं भिंतीला लावायची, खडूनं जमिनीवर दारं-खिडक्या आखायच्या आणि तीन महिने त्या खडूच्या घरात राहायचं.

तर मागच्या वर्षी मी गेलो नाही. आठवडाभरानं गिल्ट आला म्हणून फोन केला.

'व्हिडिओ पाठव ना.'

'नाही काढला.'

'बरं, परत कधी आहे?'

तो हसला. 'परत? परत कायचं बे? झालं ना ते.'

एका रात्रीचं गणित

मला वाटलं, चिडलाय. पण तो चिडला नव्हता, नुसतं गणित सांगत होता. ते गणित माझ्यासारख्या विंगेतल्या माणसालाही माहीत नसावं, याची लाज वाटली.

बघा, राज्य नाट्य स्पर्धा आपल्याकडे १९५४ पासून आहे. सांस्कृतिक कार्य संचालनालय ती घेतं. राज्यभर केंद्रं असतात, त्यातलं एक नागपूर. आपल्या केंद्राचे प्रयोग अनेक वर्षं लक्ष्मीनगरच्या सायंटिफिक सभागृहात होत आलेत. प्राथमिक फेरीत वर आलेलं नाटक अंतिम फेरीला जातं. बाकीच्यांचं काय? बाकीच्यांचा पडदा तिथंच पडतो. कायमचा.

म्हणजे कसं, की दहा-पंधरा माणसं तीन महिने रोज रात्री भेटतात. कुणी लेव्हल्स बनवतं, कुणी आईच्या जुन्या साड्यांतून पडदे शिवतं, कुणी ओळखीच्या टेम्पोवाल्याला पटवून नेपथ्य हॉलवर आणतं. सकाळी लाइट्स लागतात, दुपारी टेक्निकल, संध्याकाळी तिसरी घंटा. दोन तास नाटक. रात्री अकराला तेच फ्लॅट्स उलटे करून टेम्पोत. दुसऱ्या दिवशी त्याच स्टेजवर दुसऱ्या संघाचं घर उभं असतं.

नव्वद रात्री तालीम, एक रात्र प्रयोग. संपलं.

मुंबई-पुण्यात तुम्ही नाटक चुकवलं तर पुढच्या रविवारी दुसऱ्या थिएटरला लागतं. जाहिरातीत '२५० वा प्रयोग' असं मोठ्या टायपात येतं. तिकडची व्यावसायिक नाटकं आपल्याकडे दौऱ्यावर येतात तीही एखाद-दुसऱ्या प्रयोगापुरती. सकाळी बस येते, रात्री बस जाते. आणि आपल्याच पोरांच्या नाटकाचा तर पहिला प्रयोग हाच शेवटचा. चित्रांचं प्रदर्शनही शुक्रवारी उघडतं आणि सोमवार-मंगळवारी खिळे काढून भिंत मोकळी.

'पुढच्या वेळी नक्की' हे वाक्य म्हणूनच आपल्या गावात फार महाग पडतं, मंडळी. पुढच्या वेळी नाटकच दुसरं असतं. कधी कधी माणसंही.

एकच लाइन, इतकी स्टेशनं

आता माझी सबब ऐका. 'मी जरीपटक्याला राहतो ना भाऊ, सगळे हॉल तिकडे लांब.'

नाव बघा, जरीपटका! मराठ्यांचं जरीचं निशाण. प्रत्यक्षात वस्ती मात्र मुख्यतः सिंधी. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं इथे वसली आणि त्यांनी दुकानापासून शाळा-कॉलेजांपर्यंत सगळं उभं केलं. सकाळी दाल-पकवान, संध्याकाळी बाजारात पाय ठेवायला जागा नाही. पलीकडे इंदोरा चौक. खायला-प्यायला, कपड्यांना, लग्नाच्या खरेदीला गाव सोडायची गरज नाही. नाटकाला मात्र आम्हाला 'खाली' जावं लागतं, बर्डीकडे.

ही सबब १० वर्षांपूर्वी चालली असती. रात्री साडेदहाला सिव्हिल लाइन्समधून जरीपटक्याला यायला रिक्षावाला जे भाडं सांगायचा, त्यात एक नाटक उभं राहिलं असतं! पण ११ डिसेंबर २०२२ ला मेट्रोची ऑरेंज लाइन कस्तुरचंद पार्कच्या पुढे ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत सुरू झाली आणि इंदोरा चौकात स्टेशन आलं. आता मी रोज खापरीला बसतो आणि इंदोऱ्याला उतरतो. एकच लाइन, मधे गाडी बदलायची भानगड नाही.

आणि या एका लाइनवर मधे काय काय लागतं? राहाटे कॉलनीला उतरलं की दीक्षाभूमी जवळ, लक्ष्मीनगरलाही रिक्षेनं पटकन पोचता येतं. सीताबर्डीला गाडी बदलली की पुढचंच स्टेशन झाशी राणी चौक, तिथे १९२३ साली स्थापन झालेल्या विदर्भ साहित्य संघाचं सांस्कृतिक संकुल. झिरो माइलला किंवा कस्तुरचंद पार्कला उतरा, सिव्हिल लाइन्स हाकेच्या अंतरावर. डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह तिथेच, चिटणवीस सेंटर तिथेच आणि दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रही तिथेच. हे केंद्र १९८६ पासून आहे. आपण हिवाळ्यात क्राफ्ट मेळ्यात भजी खायला जातो, तेच ते! रेशीमबागेत २०१७ पासून सुरेश भट सभागृह आहे, सुमारे दोन हजार खुर्च्यांचं. तिथे तेवढी रिक्षा करावी लागते.

म्हणजे रोज संध्याकाळी मी कानात इअरफोन घालून चार-पाच नाटकांच्या शेजारून घरी जात होतो. उतरत नव्हतो, एवढंच.

तिकीट न मिळालेला माणूस

आता एक खरी गोष्ट. १९६५ च्या सुमाराची. नागपुरातला एक पंचविशीतला तरुण संध्याकाळी सिनेमाला गेला. तिकीट मिळालं नाही. आता काय करायचं? टाइमपास म्हणून तो जवळ चाललेल्या नाटकाला जाऊन बसला. नाटक होतं विजय तेंडुलकरांचं 'मी जिंकलो मी हरलो', दिग्दर्शन विजया मेहतांचं. तरुण इतका हलला की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच नाटक बघायला गेला. आणि मग लिहायला बसला.

त्या तरुणाचं नाव महेश एलकुंचवार.

१९६७ मध्ये त्यांची 'सुलतान' ही एकांकिका 'सत्यकथा'त आली. पुढे त्यांची नाटकं त्याच विजया मेहतांनी बसवली. १९८५ मध्ये 'वाडा चिरेबंदी' आलं आणि विदर्भातल्या एका खेड्यातलं देशपांड्यांचं घर देशभरच्या रंगमंचांवर गेलं. हा माणूस दिवसा नागपूरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत होता. म्हणजे तुमच्या-माझ्यासारखी नोकरी करत होता!

त्याच १९६७ च्या डिसेंबरात आपल्या पुरुषोत्तम दारव्हेकर मास्तरांचं 'कट्यार काळजात घुसली' रंगमंचावर आलं. खाँसाहेब झाले नागपुरातच वाढलेले वसंतराव देशपांडे. २०१५ चा सिनेमा आपण मल्टिप्लेक्सला बघितला, रिंगटोनही लावली. पण मास्तरांनी नागपुरात 'रंजन कला मंदिर' काढून पोरांना नाटकात ओढलं, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

मला यातली एक गोष्ट सारखी आठवते. एलकुंचवार दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊ शकले, कारण दुसऱ्या दिवशी प्रयोग होता. आणि पहिल्या दिवशी जाऊ शकले, कारण प्लॅन फसला होता. आपले प्लॅन हल्ली फसतच नाहीत ना. तिकीट आधीच बुक, सीट आधीच ठरलेली, सिनेमा नाही मिळाला तर घरी सोफ्यावर दहा सिरिअल्स हजर. चुकून नाटकात जाऊन बसायला जागाच उरली नाही.

आणि तिकडे वडशात…

'लोकांना नाटकच नको असतं हो' असं कुणी म्हटलं की त्याला एकदा हिवाळ्यात झाडीपट्टीत न्यावं. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया. दिवाळीनंतर धान घरात आलं की गावोगाव नाटकाचे मंडप पडतात. वडसा म्हणजे या रंगभूमीची राजधानीच. कंपन्यांची ऑफिसं तिथे, नाटकांचं बुकिंग तिथे. गावात दिवसा शंकरपट, रात्री नाटक. नाटक रात्री दहाच्या पुढे सुरू होतं आणि उजाडायच्या सुमारास संपतं. लोक तिकीट काढून, कांबळं पांघरून, लेकरं मांडीवर घेऊन बसतात. लेकी माहेरी येतात, जावई येतात, नाटकाच्या निमित्तानं सोयरिकी जमतात! याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

दिवसभर शेतात राबलेला माणूस रात्रभर नाटकाला बसतो. आणि दिवसभर एसीत बसलेल्या आपल्याला एक स्टेशन आधी उतरायचा कंटाळा येतो. काय म्हणावं?

आंटी आणि चित्र

असो. तर यंदा मी ठरवलं, जायचं. नाटक शनिवारी संध्याकाळी होतं. दुपारी ऑफिसातल्या एका ज्युनिअरच्या बहिणीच्या चित्रांचं प्रदर्शन होतं, तेही उरकून घेऊ म्हटलं. हो, 'उरकून'. असाच शब्द आला मनात.

जिन्यात वरच्या मजल्यावरच्या आंटी भेटल्या. वय सत्तरीपुढे. घरात दिवसभर टीव्ही आणि त्या.

'कहाँ चले बेटा, सज-धज के?'

'चित्रं बघायला, आंटी.'

'मैं भी चलूँ?'

नाही कसं म्हणणार? मेट्रोत त्यांना खिडकीची जागा मिळाली आणि त्या कस्तुरचंद पार्कपर्यंत लहान पोरीसारख्या खाली बघत होत्या.

गॅलरीत आम्ही दोघं, ती चित्रकार मुलगी, तिचे आई-बाबा आणि दोन मैत्रिणी. मी माझ्या नेहमीच्या स्पीडनं निघालो. एका चित्रापुढे चार सेकंद, 'वा', पुढचं चित्र. सहा मिनिटांत राउंड पूर्ण, अभिप्रायाच्या वहीत 'खूप छान!' लिहायला पेन उघडलं. मागे बघतो तर आंटी दुसऱ्याच चित्रापुढे उभ्या.

चित्रात काही विशेष नव्हतं. इतवारीतल्या एका जुन्या दुकानाच्या अर्ध्या उघडलेल्या लाकडी फळ्या आणि आतला अंधार. आंटींनी त्या मुलीला बोलावलं.

'अंदर क्या है बेटा? दिखता नहीं.'

मुलगी जरा गोंधळली. म्हणाली, 'मैंने सोचा नहीं आंटी. बंद था. मैंने बाहर से ही देखा.'

'अंदर तराजू होगा,' आंटी म्हणाल्या. 'दाहिने हाथ को. हमारी पहली दुकान में वहीं था.'

मग त्या सांगत बसल्या. फळ्या सकाळी कोणत्या क्रमानं काढायच्या, त्यांच्यावर खडूनं आकडे कसे लिहिलेले असायचे, चौथी फळी पावसाळ्यात फुगायची म्हणून बाबूजी शिव्या कशा द्यायचे. मुलीनं वही काढली आणि लिहून घ्यायला लागली. तिचे आई-बाबा खुर्च्या ओढून बसले. अर्धा तास गेला. मी पेन बंद करून खिशात टाकलं आणि त्या चित्रापुढे पुन्हा जाऊन उभा राहिलो. या खेपेला फळ्यांवरचे खडूचे आकडे मला दिसले. ते पहिल्यापासून तिथेच होते.

जायचंय? मग एवढं करा

उपदेशाचा डोस नाही हं, नुसते अनुभवाचे फंडे:

• स्पर्धेच्या नाटकांचं वेळापत्रक आधी पेपरात येतं. फोटो काढून ठेवा. सगळी बघायची नाहीत, दोनच निवडा. एक ओळखीच्या माणसाचं, एक अजिबात अनोळखी.

• स्पर्धेचं तिकीट नाममात्र असतं, आपल्या एका कॉफीपेक्षा पुष्कळ कमी. 'फुकट पास आहे का?' असं मित्राला विचारू नका. तिकीट काढा. त्याला ते दिसतं.

• परतीची शेवटची मेट्रो किती वाजता, हे आधी बघून ठेवा. नाही तर तिसऱ्या अंकात तुमचं लक्ष घड्याळाकडे.

• प्रदर्शनाला उद्घाटनाच्या दिवशी जाऊ नका. त्या दिवशी समोसे दिसतात, चित्रं दिसत नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी जा. चित्रकार मोकळा असतो आणि कुणीतरी बोलावं म्हणून वाट बघत असतो.

• 'खूप छान' लिहू नका. एक प्रश्न विचारा. कितीही बावळट असला तरी चालेल.

• घरातल्या, शेजारच्या एका ज्येष्ठाला सोबत न्या. त्यांना विचारायचा अवकाश असतो.

तिसरी घंटा

संध्याकाळी आंटींना 'घरी सोडू का?' विचारलं तर म्हणाल्या, 'क्यों, नाटक में मना है क्या?' मग दोघं मिळून गेलो.

तिसरी घंटा झाली तेव्हा मी हॉलमध्ये माणसं मोजली. परीक्षक धरून ३७. मागच्या बाजूला रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा. पडदा उघडला आणि खडूचं घर खरं झालेलं दिसलं. दार होतं, खिडकी होती, खिडकीबाहेर निळा उजेड होता. मित्राच्या कानाशी केस पांढरे झालेले. मेकअप वाटला आधी. नव्हता.

नाटक ग्रेट होतं का? खरं सांगतो, पहिला अंक लांबला. एका एन्ट्रीला लाइट उशिरा आला. पण दुसऱ्या अंकात एक जागा अशी आली की बाप नुसता खुर्चीत बसतो, काही बोलत नाही, आणि त्याचं सगळं आयुष्य समजतं. आंटींना मराठी अर्धंच कळत होतं. तरी त्यांनी पदर डोळ्यांना लावला. हॉल एकदम चिडीचूप.

आणि नेमकी तेव्हाच, पडद्याची धूळ असेल की जुनं कर्म असेल, मला शिंक आली. दाबायचा खूप प्रयत्न केला. नाही दाबली गेली.

नाटक संपल्यावर मागे भेटायला गेलो. पोरं फ्लॅट्स उतरवत होती, बाहेर टेम्पो उभा. मित्र खुर्चीवर बसून रंग पुसत होता. आरशातूनच त्यानं माझ्याकडे बघितलं. मी काय बोलायचं ते जुळवत होतो. सॉरी आधी म्हणू, की अभिनंदन?

'दुसऱ्या अंकात शिंकला तो तूच ना बे?'

'हो यार. सॉरी. सगळा पॉज घालवला तुझा.'

त्यानं कापूस ठेवला आणि हसला. 'गेला ना पॉज. मी तिथं डोळे मिटून बसलो होतो. शिंक आली आन् मनात म्हटलं, चला, हा आला!'

मग आंटींकडे वळून त्यानं वाकून नमस्कार केला आणि पोरांना ओरडला, 'अबे, दोन चहा सांगा रे! आपले पाहुणे आहेत.'

शेवटची मेट्रो चुकली. रिक्षावाल्यानं जरीपटक्याचं भाडं सांगितलं. आंटींनी घासाघीस करून पन्नास रुपये कमी करून घेतले.